सासूबाईंचा आधार समाप्त होत आहे

आमच्या लालबागच्या चाळीत गेल्या वर्षी एका सकाळी जी पळापळ झाली, तिला माझ्या सासूबाई कारणीभूत होत्या. त्यांना हे आजही मान्य नाही. "मी वाचलंय ता सांगलंय, माजो काय दोष?" एवढं बोलून त्या तोंड फिरवतात. बाई मालवणकडच्या, ऐंशी कधीच ओलांडलेल्या, आणि छापलेल्या अक्षरावर त्यांचा असा विश्वास, की मी प्रत्यक्ष समोर उभी राहून काही सांगितलं तरी विचारतात, "खंय छापून इला?"

त्यांच्या डोळ्यांचं दुखणं आधी सांगते, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चालला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे गॅलरीतून कोण गेलं ते कळतं, पण समोर बसलेल्या माझं तोंड दिसत नाही. ("तेवढोच माका आराम," हे त्यांचं.) पुस्तक हातात धरून वाचणं केव्हाच सुटलं. मोबाइलवरची अक्षरं म्हणजे मुंग्या. राहिला होता तो माझ्या नोकरीच्या दिवसांतला जुना, जाडजूड लॅपटॉप. त्यावर माझ्या भाच्याने एक सोय करून दिली. एक बटण दाबलं की अक्षर मोठं, पुन्हा दाबलं की आणखी मोठं, होता होता वाटीएवढं. मग स्क्रीनवर जेमतेम दोन-तीन शब्द मावतात. तेवढे वाचायचे, दुसऱ्या बटणाने पुढे सरकायचं, पुढचे वाचायचे. अशा घासाघासाने बाई रहस्यकथा वाचतात. एका खुनाचा छडा लागायला महिना जातो, पण लागतो.

बटणं सापडावीत म्हणून त्यांनी माझं टिकल्यांचं पाकीट पळवलं. मोठं करायच्या बटणावर मोठी मखमली टिकली, बारीक करायच्या बटणावर छोटी, पुढे सरकायच्या बटणावर चंद्रकोर. नुसतं बोट फिरवलं की कळतं. सासरे गेल्यापासून त्यांनी स्वतःच्या कपाळाला टिकली लावलेली नाही. मी कितीदा म्हटलं, आई, हल्ली सगळ्या लावतात. तर म्हणाल्या, "माका नको गो. माज्या मशीनाक लाव." लॅपटॉपला त्या पहिल्यापासून मशीनच म्हणतात.

या बाईंचं वाचन ही साधीसुधी गोष्ट नव्हे. गिरण्या चालू होत्या तेव्हा याच दोन खोल्यांत त्या खाणावळ चालवायच्या. पाळीपाळीने माणसं जेवून जायची. मधल्या वेळात भांडी उपडी पडली की त्या वाचनालयातून आणलेली रहस्यकथा उघडायच्या, आणि तेव्हा कुणी पाणी मागितलेलंसुद्धा खपायचं नाही. आमचे हे सांगतात, लहानपणी गुडघा फोडून घरी आले तर प्रकरण संपेपर्यंत उंबऱ्यावर बसवून ठेवलं होतं आईने.

मी त्यांना वाचून दाखवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोन दिवसांत बडतर्फ झाले. "तू फुडे वाचून बसतंस आणि तुज्या आवाजावरून खुनी कोण ता कळता!" मग भाच्याने मोबाइलमधल्या त्या बाईकडून वाचून घ्यायचं सुचवलं. ती बाई 'रक्ताच्या थारोळ्यात' हे शब्द तांदूळ निवडत बसल्यासारखी उच्चारते. सासूबाईंनी तिलाही काढून टाकलं. तेव्हा लॅपटॉप आहे तोवर त्यांचं वाचन आहे, लॅपटॉप गेला की वाचन गेलं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता त्या सकाळचं. लॅपटॉपची भाषा मराठी करून घेतलेली, कारण इंग्रजी बोलणारं मशीन सासूबाईंना चालत नाही. त्यामुळे त्यातल्या सूचनाही मराठीत येतात, आणि ते मराठी कोण लिहितं देव जाणे. मी डाळीला फोडणी देत होते. बाहेरच्या खोलीत सासूबाई मोठ्यांदा वाचत होत्या. "तुमच्या..." मग पुढे सरकल्या. जरा जास्तच सरकल्या असणार, मधला शब्द निसटला. "आधार समाप्त..." पुन्हा सरकल्या. "होत आहे."

पूर्ण वाक्य नंतर कळलं: 'तुमच्या उपकरणासाठीचा आधार समाप्त होत आहे.' सपोर्ट या शब्दाचा कुणा शहाण्याने आधार करून ठेवला होता. आता मला सांगा, आपल्याकडे आधार म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? कार्ड! आणि तेही समाप्त!

"गो, आपलो आधार बंद झालो!"

मी फोडणी टाकून धावले, तोवर पलीकडच्या खोलीतल्या काकू दारात हजर. या काकूंना एखादी गोष्ट कळली म्हणजे भोंगा वाजला असं समजावं. "कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. "मशीनात इला," सासूबाई म्हणाल्या. मशीनमध्ये आलंय म्हटल्यावर काकूंचा संशयच फिटला. त्या गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगत गेल्या, "आधार बंद झाला, आणि त्याला जोडलेलं बँकेचं खातंही!" हे खात्याचं त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं. दुपारपर्यंत आमच्या मजल्यावरची अर्धी मंडळी आधार केंद्राच्या रांगेत उभी राहून आली. तिथल्या माणसाने सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं, आणि मंडळी तडक आमच्या दारात.

मी लॅपटॉप दाखवला, वाक्य अख्खं वाचून दाखवलं, वर चहाही पाजला. काकू जाता जाता म्हणाल्या, "म्हणजे आपला नाही, मशीनचा आधार गेला होय? मग ठीक आहे बाई." सगळ्या हसत हसत गेल्या. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला आणि मला विचारलं, "म्हणजे ह्या आता बंद पडतला?"

तो आवाज मला ओळखीचा नव्हता. माझ्या लग्नापासून ही बाई मला दरडावतेय, आणि आज असा बारीक आवाज! "छे हो आई, काही होत नाही," मी म्हटलं आणि भाच्याला फोन लावला.

हा भाचा, माझ्या बहिणीचा मुलगा, परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये कॉम्प्युटरचंच काम करतो. संध्याकाळी आला, भजी खाल्ली आणि म्हणाला, "मावशी, सिंपल आहे. मशीन चालू राहील. फक्त कंपनी यापुढे सिक्युरिटी अपडेट देणार नाही. म्हणजे बघ, चोर रोज नवीन किल्ल्या बनवतात, म्हणून कंपनी आपलं कुलूप बदलत राहते. आता या मशीनचं कुलूप बदलणं बंद. नेटवर गेलात की कोणीही आत शिरणार."

"मग नवीन कुलूप दे लावून."

"नवीन कुलूप नवीन सिस्टिमला आहे. ती या मशीनवर चढत नाही. तिला एक चिप लागते, ती यात नाही."

"चिप बसव."

"बसत नाही गं मावशी. नवीन लॅपटॉप घ्यायचा."

झालं, माझं टाळकं सरकलं. "अरे, ठणठणीत मशीन आहे! माझ्या लग्नातला कुकर बघ. ते मॉडेल कधीच बंद झालं, पण रिंग आजही नाक्यावर मिळते, शिट्टी मिळते. दादरला आईकडे शिलाई मशीन आहे, त्याची सुई मिळते, पट्टा मिळतो. कुणी येऊन सांगितलं का तिला, की बाई, तुमच्या मशीनचा आधार संपला, उद्यापासून टाके उसवतील?"

"कुकरमध्ये परदेशातून चोर शिरत नाही, मावशी."

बरोबर होतं त्याचं. त्यामुळे मला जास्तच राग आला. तो समजावत राहिला की जुन्या मशीनसाठी माणसं वेगळी बसवावी लागतात, जुनं-नवं दोन्ही तपासावं लागतं, जन्मभर कोण सांभाळणार. मी म्हटलं, जन्मभर नको, पण किती वर्षं ते बोल. तो म्हणाला, दहा खूप झाली. मी पंधरावर अडून बसले. आमचे हे पेपराआडून म्हणाले, "चाळीचं रिडेव्हलपमेंट होईपर्यंत द्यावं." "म्हणजे कायमचंच की हो काका," भाचा म्हणाला.

"बरं, दहा तर दहा," मी म्हटलं, "पण मोजायची कुठून? मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून, की मी विकत घेतलं तेव्हापासून?"

"आलं तेव्हापासून."

"वा रे वा! मी घेतलं तेव्हा ते दुकानात धूळ खात पडलेलं होतं, म्हणून तर सेलमध्ये मिळालं. म्हणजे माझी वर्षं आधीच कमी झाली होती, आणि दुकानदार ते खोकं पुसून मला पेढा मागत होता! अरे, दुधाच्या पिशवीवर तारीख असते, चिवड्याच्या पुडीवर असते. मग या खोक्यावर का नाही? 'अमुक सालापर्यंत आम्ही सांभाळू, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब,' एवढं छापायला शाई संपते का?"

"वेबसाइटवर असतं, मावशी."

"कुठल्या बोळात?"

त्यावर त्याने आणखी एक भजं घेतलं. या सगळ्यात सासूबाईंचं बोट आपलं मोठ्या टिकलीवरून फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरला निघाले, तर बाई साडी बदलून तयार. "मशीनाक एकट्याक धाडूचा नाय." टॅक्सीत लॅपटॉप टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांच्या मांडीवर. सर्व्हिस सेंटर होतं लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये. लिफ्टमध्ये सासूबाईंनी विचारलं, "खंयची गिरण ही?" मी सांगितली. "हयसरची माणसा आमच्याकडे जेवूक येत," त्यांनी लिफ्टमधल्या सगळ्यांना ऐकवलं. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये बघितलं.

काउंटरवरचा गृहस्थ फार सभ्य होता. भांडायला निघालेल्या बाईच्या वाट्याला इतका सभ्य माणूस येऊ नये. त्याने लॅपटॉप उघडला, टिकल्या बघितल्या आणि काहीही न बोलता तपासू लागला. मग म्हणाला, "मॅडम, कंडिशन एकदम छान आहे. पण सपोर्ट नाही."

"म्हणजे पेशंट ठणठणीत, पण डॉक्टर येणार नाहीत?"

"मॅडम, हे आता व्हिंटेजमध्ये जातं."

"व्हिंटेज माझी पैठणी! हे रोज वापरात आहे. आणि समजा नवीन घेतलं, तर त्याला किती वर्षं?"

"ते कंपनी ठरवते, मॅडम."

"मग तुम्ही कोण?"

"आम्ही नुसती एजन्सी."

"कंपनी बसते कुठे?"

त्याने वर बोट केलं. वरच्या मजल्यावर की आणखी वर, ते मला कळलं नाही.

मग त्याने सासूबाईंपुढे एक नवा लॅपटॉप ठेवला, पापडासारखा पातळ. खुर्ची दिली, पाणी दिलं, अक्षरं मोठी करून दिली. अक्षरं सुरेखच दिसत होती, खोटं कशाला बोलू. पण बटणं सगळी सपाट, आणि अक्षर मोठं करायला स्क्रीनवर दोन बोटं टेकवून फाकवायची. "अशी, आजी. हलकेच." सासूबाईंचा हात हल्ली थोडा कापतो. बोटं टेकली की अक्षर एकदम डोंगराएवढं व्हायचं, मग मुंगीएवढं, मग कुठेतरी पळूनच जायचं. "खंय गेला ता?" त्या विचारायच्या. तो पुन्हा आणून द्यायचा. त्या पुन्हा बोटं टेकवायच्या. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. असं किती तरी वेळ चाललं, आणि मला तिथे उभं राहवेना. शेवटी त्यांनी हात काढून घेतला, पदराला पुसला आणि त्या माणसाला म्हणाल्या, "बरा आसा हां मशीन. तुजा काय चुकला नाय." मला म्हणाल्या, "चल."

परतीच्या टॅक्सीत लालबागच्या पुलापाशी सासूबाई म्हणाल्या, "नेट काढून टाक त्येच्यातला. मगे चोर येवचो नाय. आत पुस्तकां आसत, ती परत वाचतलंय."

"अहो, पण त्यातले खुनी माहीत आहेत तुम्हाला!"

"मगे काय करतलंय गो?" त्या म्हणाल्या. रहस्यकथेचा खुनी माहीत असताना ती पुन्हा वाचायला निघालेली ती बाई बघून मला त्या कंपनीचा इतका राग आला, की टॅक्सीवाल्यालाच दोन शब्द सुनावले, तो उगाच हॉर्न वाजवतो म्हणून.

रात्री भाच्याचा फोन. "मावशी, एक दुसरी सिस्टिम आहे, फुकट. जगभरची माणसं मिळून ती सांभाळतात. जुन्या मशीनवर चालते आणि तिला अपडेट येत राहतात. रविवारी येऊन टाकतो."

"मग काल का नाही बोललास?"

"तू बोलू दिलंस?"

रविवारी तो जेवायलाच आला. सुरमई खाल्ली, हात धुतले आणि कामाला बसला. सासूबाई शेजारच्या खुर्चीवरून हलायला तयार नाहीत. आधी त्याने त्यांची पुस्तकं काढून सुरक्षित ठेवली, मग जुनं सगळं पुसलं. स्क्रीन काळी झाली तेव्हा बाईंनी माझा हात असा धरला, की बांगडी रुतली. दुपारभर खटपट चालली. मग मराठी आलं, पण मोडकं. "ह्या काय मेल्या? वेलांटी उतरून बाजूक जावन बसली!" खरंच, 'खुनी'ची वेलांटी वेगळीच पडली होती. भाच्याने फाँट बदलला, वेलांटी जागेवर आली. मग बटणं. एकेक टिकली विचारून घेत होता तो. "आजी, चंद्रकोर कशाला?" "फुडे जावक." "आणि ही मोठी?" "ती माजी." शेवटी सगळ्या टिकल्या पहिल्यासारख्या कामाला लागल्या. सासूबाईंनी मोठी टिकली दाबली, अक्षर वाढलं, पुन्हा दाबली, वाटीएवढं झालं. चंद्रकोर दाबली, पुढे सरकलं. त्यांनी एक ओळ वाचली, दुसरी वाचली. मला भरून आलं, आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.

भाच्याने पाठ ताठ केली. "झालं, आजी! आता पाच वर्षं बघायला नको. आरामात अपडेट येतील."

"पाचच?" मी उसळले. "आणि पुढे काय? पुन्हा हीच वरात? अरे, मी म्हणते पंधरा वर्षं..."

"गो, गप ऱ्हव," सासूबाई स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "पाच खूप झाली. माका दोन पुरे."

"दोन कशी?"

"डोळ्यांच्या डॉक्टराक मी इचारलंय. तू औषधां घेवक खाली गेलंस तेव्हा. सरळ इचारलंय, बाबा, अजून किती दिवस वाचूक गावतला? तो म्हणालो, आजी, दोन वर्सां. मगे नाय." त्यांनी मोठी टिकली आणखी एकदा दाबली. "बरो आसा डॉक्टर. घोळ घातल्यान नाय, सांगल्यान."

आठवडाभर मी दहा की पंधरा म्हणून घसा कोरडा केला होता. ही बाई दोन मनात धरून बसली होती, आणि तीही तिने कुणाला सांगितली नव्हती. भाचा माझ्याकडे बघत होता. मी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"ट्यूब बंद कर गो, काचेर चकाकता," त्या म्हणाल्या. "आणि आता बोलू नको. खून होतलो."

मी ट्यूब बंद केली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.